मधुरा फौजदार झाली!

'परतीचं माप' ह्या नव्या मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं, नव्या सुनेनं उंबरठ्यावरच्या मापाला पाय लावला, आणि माप कलंडायच्या आत लाइट गेली. सदाशिवराव पिंपळापुरे हातात पॅड, पॅडला अडकवलेला कोरा कागद आणि कागदावर टेकवलेला पेन अशा थाटात अंधारात बसून राहिले. घड्याळात सात वाजून दोन मिनिटं झाली होती. त्या पंधरवड्यात पुसदच्या त्यांच्या भागाला सात ते साडेनऊ भारनियमन होतं, आणि सरकारी कामात इतका वक्तशीरपणा त्यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता.

"आता काय लिहिणार?" स्वयंपाकघरातून रत्नप्रभाबाईंचा आवाज आला. मागोमाग कंदील आला. "अंधार उत्तम जमला आहे, असं लिहा."

"उद्या दुपारी बारापर्यंत अवधूतला मजकूर द्यायचा आहे," सदाशिवराव म्हणाले. "थट्टा सुचून राहिली तुला."

अवधूत हा 'पूसकाठ' साप्ताहिकाचा मालक, संपादक, बातमीदार आणि गठ्ठे बांधणारा. कापसाचं ते वर्ष, मागच्या तीन वर्षांसारखंच, वाईट चाललं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कापूस, बोंडअळी आणि मोर्चे. दिवाळीनंतर एक दिवस अवधूत सदाशिवरावांकडे आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "काका, मुंबई-पुण्याचे पेपर दिवाळीनंतरच्या नव्या मालिकांचा निकाल देतात. कोणती चांगली, कोणती वाईट. आपल्या लोकांनी काय पाप केलं? तेही टीव्ही पाहतातच ना. तुम्ही लिहा."

"मी? अरे, मी पाटबंधारे खात्यातला वरिष्ठ लिपिक होतो. समीक्षक नाही."

"तुमचे शेरे गाजलेले होते म्हणतात."

ही गोष्ट खरी होती. सदाशिवरावांचा शेरा फायलीवर पडला की कार्यकारी अभियंतासुद्धा चष्मा पुसून वाचायचा. सदर लिहायला त्यांनी घेतलं आणि तीच भाषा इथेही चालवली. एका विनोदी मालिकेबद्दल त्यांनी लिहिलं: 'विनोद आढळून आला नाही. शोध घेऊन फेरसादर करावे.' गाण्याच्या स्पर्धेबद्दल लिहिलं: 'उमेदवार गातात बरे, पण परीक्षक फार रडतात. परीक्षकांची बदली करण्यास हरकत नसावी.' दोन आठवड्यांत भाजीबाजारात लोक थांबवून विचारायला लागले, "पिंपळापुरे साहेब, ह्या आठवड्यात कोण नापास?" निवृत्तीनंतर सहा वर्षं त्यांना कोणी 'भाजी काय करू?' याखेरीज काही विचारलं नव्हतं. त्यामुळे हे सदर त्यांना किती मोलाचं झालं होतं, ते फक्त रत्नप्रभाबाईंना ठाऊक होतं, आणि त्या ते बोलून दाखवत नव्हत्या.

आणि आता तिसऱ्या आठवड्यात भारनियमनाचं वेळापत्रक बदललेलं. शेजारच्यांकडे इन्व्हर्टर होता, पण त्याच्यावर एक पंखा आणि एक दिवा चाले. सदाशिवरावांनी सोमवारी तिथे जाऊन पंख्याखाली तासभर बसून पाहिलं. त्यावर समीक्षा लिहिता येईना.

बुधवारी सकाळी रामीबाई भांडी घासायला आली. ती सरकारी दवाखान्यामागच्या वस्तीत राहायची. दवाखान्याच्या लाइनवर असल्यामुळे तिथली लाइट कधी जात नसे. नळाखाली कढई धरून तिनं रत्नप्रभाबाईंना बातमी दिली:

"काकू, मधुराले घरातून काढलं वो!"

"कोण मधुरा?"

"परतीच्या मापातली! नवी सून!"

ओसरीवर सदाशिवरावांच्या हातातला चहा बशीत सांडला. पॅड घेऊन ते मोरीच्या दाराशी आले आणि त्यांनी उंबऱ्यावर बैठक मारली.

"रामीबाई, तू पाहिलं? काल?"

"हाव काकाजी. पह्यल्यापासून."

"मग नीट सांग. क्रमानं सांग. काही गाळू नको."

चौतीस वर्षांत सदाशिवरावांनी इतक्या आदरानं कुणाचा जबाब घेतला नव्हता आणि रामीबाईला आजवर इतक्या आदरानं कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं कढई बाजूला ठेवली. हात पदराला पुसले.

"सासू लय खाष्ट आहे, काकाजी. तिनं सोताच्या पाटल्या सोताच लपवल्या, अन् आळ घेतला मधुरावर. नवरा उभा होता तिथंच, खांबावानी. एक अक्षर नाई बोलला. मंग थे निंगाली, अन् यष्टी स्टँडवर जाऊन रडत बसली."

"मग?"

"मंग फौजदार झाली."

सदाशिवरावांचा पेन थांबला. "त्याच भागात?"

"टीव्हीत टाइम नाई लागत ना काकाजी. माह्या पोराले भरतीत धावून धावून चार वर्सं झाले, अजून छाती दोन बोटं कमी भरते म्हन्तेत. टीव्हीत कुठं छाती मोजतेत? झाली फौजदार! अन् आली जीप घेऊन, बूट वाजवत, टाप टाप टाप. सासू देवापुढं बसलेली. मधुरानं तिच्या हातात बेड्या घातल्या अन् म्हने, 'आत्याबाई, आरती झाली असन त चला.'"

"वा!" सदाशिवरावांच्या तोंडून गेलं.

"अहो," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "एकदा स्वतः बघा, आणि मग लिहा. अवधूतला सांगा, पुढच्या आठवड्यात देतो म्हणून."

"मुंबईत बसलेले लोक आपली धरणं पाहायला येतात का?" सदाशिवराव उठत म्हणाले. "खालून अहवाल येतो, वर शेरा पडतो. राज्य असंच चाललेलं आहे."

शुक्रवारच्या 'पूसकाठ'मध्ये चौकट टाकून आलं: 'परतीचं माप: मंजूर. नव्या हंगामातल्या मालिकांत सुना घराबाहेर काढल्या जाऊन महिनोन् महिने रडत बसतात, असे निदर्शनास येते. प्रस्तुत मालिकेतील मधुरा ही मात्र त्याच दिवशी फौजदार होऊन सासूस बेड्या घालते. अशी कार्यतत्परता इतर मालिकांनी, तसेच इतर खात्यांनीही, आचरणात आणावी.'

अंक शनिवारी संपला. असं 'पूसकाठ'च्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

त्यातले काही अंक एसटीनं महागावला पोचले. तिथल्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाचं खरेदी केंद्र होतं, आणि कापसाची प्रत ठरवणारा केंद्रावरचा ग्रेडर दोन केंद्रं एकटा सांभाळत असल्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवसच यायचा. तोवर कापसानं भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि ट्रॅक्टर रांगेत उभे. माणसं बंडीखाली झोपायची, बंडीखाली जेवायची आणि बंडीवर बसून वाट पाहायची. किसनराव ह्यांच्या बंडीचा नंबर पहिला होता. पण पहिला नंबर असणं आणि वजनाचा काटा बंद असणं ह्याचा अर्थ इतकाच, की बंद काटा त्यांना सगळ्यांत जवळून दिसत होता. त्यांनी कापसाचा भाव पाहायला पेपर घेतला. भाव वाचून त्यांनी पान उलटलं, आणि मधुरा फौजदार झाल्याचं त्यांना समजलं.

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मग मागच्या बंडीवाल्यांसाठी पुन्हा वाचलं. रांगेच्या शेपटापर्यंत जाईस्तोवर पाच वेळा वाचून झालं, आणि चाळीस-पन्नास माणसांच्या अंगात बऱ्याच दिवसांनी हुशारी आली.

"असं पाह्यजे!" एकजण म्हणाला. "फटदिशी निकाल!"

किसनरावांनी घरी सांगावा धाडला, की सोमवारी टीव्ही लावा आणि काय होते ते कळवा. मंगळवारी त्यांची बायको मैनाबाई भाकरी घेऊन आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"कायची फौजदार न् कायचं काय! थे त स्टँडवर बसून रडूनच राह्यली."

"असं कसं? पेपरात छापून आलं."

"मंग पेपरवाल्याले इचारा. काल बी रडे. अर्धा घंटा रडली, अन् सरलं."

किसनरावांनी बसल्या जागी विचार केला आणि त्यांना एकदम उलगडा झाला. पुसदच्या माणसानं शुक्रवारी जे छापलं ते महागावात मंगळवारपर्यंत दिसत नाही, म्हणजे गडबड मधे कुठेतरी आहे. मधे कोण आहे? केबलवाला आहे.

महागावचा केबलवाला धरमसिंग आपल्या दुकानात वायर सोलत बसला होता. दारात चाळीस माणसं उभी राहिली, प्रत्येकाच्या केसांत कापूस अडकलेला.

"धरमसिंग," किसनराव म्हणाले, "पुसदले मधुरा फौजदार झाली, अन् महागावले अजून रडूनच राह्यली, हे काय चाललं आहे?"

"कोन मधुरा?"

"नाटकं नको करू! पुसदवाल्याईले ताजे भाग अन् आमाले शिळे? सगळा चांगला माल तिकडंच जाते काय?"

धरमसिंगनं तार, डिश, आकाशातला उपग्रह असं सगळं समजावून पाहिलं. शिळा भाग वेगळा दाखवायची सोयच नसते, हे तो शपथेवर सांगू लागला. पण शपथेवर सांगितलेल्या गोष्टी त्या माणसांनी गेल्या तीन वर्षांत बऱ्याच ऐकल्या होत्या. "बेड्या दाखव, नाही त आमच्या घरच्या वायरी काढून ने," असं बजावून मंडळी बंड्यांकडे परत गेली.

बुधवारी सकाळी धरमसिंगची जीप पिंपळापुऱ्यांच्या दारात उभी राहिली. त्याच्या हातात 'पूसकाठ'चा अंक होता, सदराभोवती लाल पेनानं गोल केलेला.

"साहेब, तुमीच पिंपळापुरे ना?" तो हात जोडून म्हणाला. "मले फक्त इतकं सांगा, तुमी हे कोनत्या डिशवर पाह्यलं? मी तीच डिश बसवतो. कर्ज काढतो, पन बसवतो. लोकं माह्या वायरी तोडून राह्यले."

सदाशिवरावांनी पंच्यानं कपाळ पुसलं. हिवाळ्याची सकाळ होती, तरी पुसलं.

"बसा," ते म्हणाले. "पाणी घ्या. म्हणजे, त्याचं असं आहे..."

ते पुढे काय बोलतात याची रत्नप्रभाबाईंनी जरा वेळ वाट पाहिली. मग आत वळून हाक मारली, "रामीबाई, जरा बाहेर ये गं."

रामीबाई हातातल्या ताटलीसकट आली. सदाशिवरावांनी घसा खाकरून विचारलं, "रामीबाई, मधुरा फौजदार झाली, ते तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलं ना?"

"हाव. खाकी कपडे होते अंगात."

"त्याच मालिकेत?"

रामीबाई जरा घुटमळली. "आता काकाजी, टीव्ही शेजारच्या बिजलीबाईचा आहे. रिमोट तिच्याच हातात राह्यते. जाहिरात लागली का थे दुसरीकडं फिरवते. तिकडं पोलिसाईचं चालू राह्यते. मंग अलीकडं येते, मंग पलीकडं जाते. दोघीईचं नाक सारखंच आहे वो. मले वाटलं, एकच बाई कपडे बदलून आली."

धरमसिंगनं सुस्कारा सोडला. सदाशिवरावांनी मात्र आधार शोधला. "बरं. म्हणजे दोन मालिकांची सरमिसळ झाली. पण बेड्या? बेड्या तर त्या बाईनं घातल्याच ना? कुणालातरी?"

रामीबाईनं ताटली दोन्ही हातांनी छातीशी धरली. "नाई. फौजदारीन नुसती जीपमंदून उतरली, तवाच बिजलीबाईनं बंद केला. बेड्या मी घातल्या."

"तू घातल्या? कशाला?" सदाशिवरावांनी विचारलं.

"मंग कोन घालन?" रामीबाई म्हणाली.

रत्नप्रभाबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून त्यांच्या हसण्याचा आवाज आला. रामीबाई मात्र रडायच्या बेतात आली होती.

"तुमी इचारलं, मंग काय झालं. कोनी मले असं इचारत नाई, काकाजी. मले वाटलं, स्टँडवर रडत बसली म्हनून सांगावं, अन् तुमी उठून जावं, ह्याच्यात काय राह्यलं? म्हनून सांगतलं. आता मले कामावरून काढता काय?"

सदाशिवरावांना आपलं ऑफिस आठवलं. तिथे चूक झाली की ती साहेबाच्या टेबलावरून उठून लिपिकाकडे यायची, लिपिकाच्या टेबलावरून घसरून शिपायाकडे जायची, आणि शिपायाच्या खाली कोणी नसल्यामुळे तिथे मुक्काम करायची. त्यांनी स्वतःही तिला दोन-चार वेळा हळूच ढकललं होतं. त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

"तुला कशाला काढतो?" ते म्हणाले. "सही माझी आहे खाली. मी न पाहता लिहिलं. धरमसिंग, उद्या मला महागावला घेऊन चला. त्या लोकांना मी तोंडावर सांगतो, की चूक माझी आहे, तुमच्या तारेची नाही."

तासाभरात ही बातमी अवधूतला लागली आणि तो चप्पल उलटी घालून धावत आला. "काका, खुलासा करू नका! महागावहून आणखी शंभर अंक मागून राहिले! ह्या आठवड्यात मधुराला डीएसपी करू!"

"अवधूत, तिला अजून एसटीसुद्धा मिळालेली नाही," सदाशिवराव म्हणाले. "ती स्टँडवर बसलेली आहे."

गुरुवारी सकाळी जीप निघाली तेव्हा मागच्या सीटवर रामीबाई बसलेली होती. नवं लुगडं, डोक्याला तेल. "मी येतो. बेड्या माह्या हातच्या आहेत," इतकंच तिनं सांगितलं. तिच्याशेजारी रत्नप्रभाबाई होत्या. त्यांनी काहीच सांगितलं नाही, पण सोबत चिवड्याचा डबा घेतला होता, त्यावरून त्यांचा अंदाज कळत होता.

जिनिंगच्या आवारात धरमसिंगनं आपला कर्णा आणि माइक लावला. सदाशिवरावांना किसनरावांच्या बंडीवर चढवण्यात आलं. कापसात त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले, आणि तशा रुतलेल्या अवस्थेत त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. रात्रभर खपून त्यांनी निवेदन तयार केलं होतं.

"उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते," त्यांनी सुरुवात केली, "की सदर मालिकेतील सदर सून ही अद्यापपावेतो फौजदार या पदावर रुजू झालेली नसून..."

बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मागून एकजण ओरडला, "म्हंजे परीक्षेत नापास झाली काय?"

"नाही, नाही. परीक्षेला बसलीच नाही."

"काहून? सासूनं फारम भरू देल्ला नाई काय?"

"फॉर्मचा प्रश्न नाही..."

"मंग छाती कमी भरली असन," दुसरा म्हणाला.

"बाईची छाती मोजत नाईत, येड्या, उंची मोजतेत!" तिसऱ्यानं दुरुस्ती केली, आणि महिला फौजदाराच्या उंचीवरून तिथे वाद सुरू झाला.

सदाशिवरावांनी कागदाकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि कागद खिशात टाकला. "ऐका हो!" ते माइकमध्ये जवळजवळ ओरडले. "मी ती मालिका पाहिलीच नाही! आमच्याकडं लाइट नव्हती. मी ऐकलं ते खरं धरलं आणि न पाहता लिहून दिलं. मधुरा अजून रडूनच राहिली आहे. हा धरमसिंग खरं बोलतो. खोटा मी पडलो. मला माफ करा."

एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं असेल, हे रत्नप्रभाबाईंना आठवेना. लग्नानंतर तर नाहीच.

आता लोक ओरडतील, कोणी ढेकूळ फेकेल, अशा तयारीनं सदाशिवरावांनी डोळे मिटले. पण कोणी काही फेकलं नाही. किसनराव बंडीच्या चाकाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "ते जाऊ द्या, साहेब. लाइट आमची बी जाते. पन तुमी ऐकलं म्हन्ता, थे सांगतलं कोनं?"

सदाशिवरावांनी रामीबाईकडे बोट दाखवलं.

"बाई," किसनराव तिला म्हणाले, "सासूले बेड्या घालून जीपमंदी बसवलं. इथवर आमाले मालूम आहे. मंग पुढं काय झालं?"

रामीबाईनं सदाशिवरावांकडे पाहिलं. सदाशिवरावांनी वाकून तिला हात दिला, वर घेतलं, माइक तिच्या हातात दिला आणि स्वतः उतरले. उतरताना त्यांच्या धोतराला लागलेला कापूस मैनाबाईनं झाडून दिला.

"मंग काय," रामीबाई म्हणाली. कर्ण्यातून स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली आणि दुसऱ्याच क्षणी तिला तो आवडला. "मंग नेलं ठान्यात. तिथं सासू म्हने, मी दुसऱ्याच्या ताटात जेवत नाई. मधुरा म्हने, हाव का? मंग तुमीच रांधा. धा शिपायाईच्या भाकरी, अन् मंग तुमची!"

आवार हसलं. बंडीखाली झोपलेली माणसं बाहेर आली. ट्रॅक्टरवरची उतरली. रस्त्यानं चाललेल्या बायका डोक्यावरचे भारे घेऊन फाटकाशी थबकल्या. रामीबाई भाकरी थापून दाखवत होती, सासूचा वाकडा चेहरा करून दाखवत होती, बुटांचा आवाज तोंडानं काढत होती. हळूहळू गोष्टीत सासराही आला. तो बिचारा कापूस घेऊन केंद्रावर सहा दिवसांपासून नंबर लावून बसला होता आणि त्याला घरात काय झालं ह्याचा पत्ताच नव्हता.

"आपल्यावानीच!" कोणी तरी म्हणालं.

"आपल्यातलाच थो!" रामीबाई म्हणाली. "अन् मधुरा त्याले भेटाले आली. खाकीत. थो ओळखे ना. म्हने, फौजदारीनबाई, माहा नंबर कवा लागन? थे म्हने, मामाजी, मी तुमची सून. तुमचा नंबर मी लावतो."

किसनरावांनी डोळे पुसले आणि कापसाची धूळ फार आहे, असं मैनाबाईला सांगितलं. सदाशिवराव खाली उभे राहून ऐकत होते. आपण मोरीच्या दाराशी बसून जे ऐकलं, त्याच्यातलं निम्मंसुद्धा आपल्या चौकटीत उतरलं नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. हेवा वाटेल असं त्यांना वाटलं होतं, पण वाटला नाही. त्यांनासुद्धा पुढचं ऐकायचं होतं.

इतक्यात फाटकातून दुसरी जीप आत आली. ग्रेडर आला होता. बरोबर हमाल, वजनमाप करणारा कारकून, वह्या. पाच मिनिटांत काट्याचं कुलूप निघालं आणि कारकून ओरडला, "चला, काटा सुरू! टोकन नंबर एक, किसनराव!"

कोणी हललं नाही.

"टोकन नंबर एक!"

किसनरावांनी मागे न पाहता हात वर केला. "जरा दम धरा, साहेब. सासूच्या जमानतीचं चालू आहे."

ग्रेडरला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच केंद्रावर आलो. बारा वर्षांच्या नोकरीत लोकांनी त्याच्यासमोर हात जोडले होते, आवाज चढवले होते, जीप अडवली होती, पण 'थांबा' असं त्याला एकाही शेतकऱ्यानं सांगितलं नव्हतं. त्यानं दोन नंबर पुकारला. दोन नंबरवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं. तीन नंबरवाला तर फाटकाजवळ भारेवाल्या बायकांमध्ये मांडी घालून बसला होता. ग्रेडर काट्याच्या फळीवर जरा वेळ बसला, उठला, पुन्हा बसला. मग हळूहळू गर्दीच्या कडेला येऊन सदाशिवरावांच्या मागे उभा राहिला.

"काय चालू आहे हो?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं. "कोण आहेत त्या बाई?"

"रामीबाई," सदाशिवराव म्हणाले.

"आणि आपण?"

तीस-पस्तीस वर्षं ह्या प्रश्नाचं उत्तर सदाशिवराव हुद्द्यासकट, खात्यासकट, छाती पुढे काढून देत आले होते.

"मी रामीबाईंसोबत आलो आहे," ते म्हणाले.

"अस्सं," ग्रेडर म्हणाला. त्यानं टाचा उंचावून पाहिलं. बंडीवर रामीबाईनं कमरेला पदर खोचला होता आणि ती न्यायाधीश झाली होती. "मग जरा सरकता का? मला दिसत नाही."

सदाशिवराव सरकले. रत्नप्रभाबाईंनी चिवड्याचा डबा उघडून ग्रेडरपुढे धरला. त्यानं बंडीवरची नजर न काढता मूठभर घेतला आणि विचारलं, "सासूनं मुळात केलं काय होतं?"

"श्शू!" पुढच्या चाळीस माणसांनी एकदम मागे वळून त्याला गप्प केलं.